अक्कांचं अर्धगोल टेबल

अक्का रोज सकाळी आंघोळ झाली की घराबाहेर जायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायच्या. आत दार उघडायला कुणी नसायचं. त्या एकट्याच राहायच्या. जरा थांबून दार ढकलून त्या आत यायच्या आणि पाहुण्यासारख्या अवघडून पडसाळीत उभ्या राहायच्या.

लग्न होऊन मी सांगलीहून म्हैसूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार जिन्यावरून पाहिला. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. मी वरून विचारलं, "अक्का, कोण आलंय?"

"आज मी पोस्टमन," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलोय, पाय भाजलेत. मला हे पितळ नको दिसायला. डोळ्यांना चटका बसतो." आणि टेबलावरचा चकाकणारा पितळी चंबू उचलून त्यांनी तिथं काळ्या मातीचं एक बुटकं मडकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पोस्टमन नसायच्या. कधी ऑफिसात बोलणी खाऊन आलेला कारकून, कधी माहेराहून परतलेली सून, कधी देणगी मागायला आलेला, आत यायला लाजणारा माणूस. जो कुणी त्या दिवशी असेल, त्याच्या डोळ्यांनी त्या पडसाळ बघायच्या आणि हलवाहलव करायच्या. ती मनासारखी होईपर्यंत कॉफी नाही. "घरात आलेल्याला आपण बस म्हणतो," त्या सांगायच्या, "पण त्याच्या आधी त्याचे डोळे आत येतात गे. त्यांना कोण बस म्हणणार?"

घर नजरबादमधलं, सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीतलं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. वर जाणारा जिना अक्कांच्या पडसाळीतूनच निघायचा, आणि माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथं होतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या टेबलापाशी थांबायचा. तो वर पोचेपर्यंत त्याचं कौतुक संपलेलं असायचं. मी सकाळपासून खपून केलेल्या पुरणपोळीसमोर बसून पाहुणे म्हणायचे, "खाली काय सुरेख ठेवलंय हो!"

ठेवलेलं काय असायचं? लाल गुळगुळीत जमीन, भिंतीला टेकवलेलं शिसवी अर्धगोल टेबल, त्याच्या शेजारी पाण्याचे हंडे ठेवायची एक जुनी घडवंची, आणि समोर चपला काढायला बसायचं बाक. टेबलावर तीनच वस्तू. अक्कांचा नियम होता, "एक उभं, एक बसलेलं, एक जिवंत." उभं म्हणजे काहीही उंच, लांब वाळलेलं गवत, ऊस, सुपारीचा तुरा. बसलेलं म्हणजे मडकं, कवठ, नारळ. आणि जिवंत म्हणजे फूल, पान, नाहीतर पाणी. हुणसूरला त्यांचा धाकटा भाऊ होता. तो बसच्या कंडक्टरबरोबर कसल्या कसल्या शेंगा, वाकड्या फांद्या, पक्ष्याचं सोडून दिलेलं घरटं, असलं काही पाठवायचा. इतर बायका भावाकडून साडीची वाट बघतात. ही बाई वाळक्या फांदीची वाट बघायची.

मी काही कलाशून्य नव्हते. सांगलीत रांगोळीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी मुंज असो, बारसं असो, दारातली रांगोळी माझी. म्हैसूरला आल्यावर मी आमच्या दारात, म्हणजे जिन्याच्या वरच्या टोकाला, मोरांची जोडी काढली. वर येऊन बघणार कोण? आमचे हे कचेरीतून आले, मोराच्या मानेवर पाय देऊन आत आले आणि म्हणाले, "अक्कांनी आज कमळाच्या शेंगा ठेवल्यात, बघितल्यास का?"

ह्यांचं घराणं पाच पिढ्या म्हैसुरातलं. घरी मराठी, पण दर तिसरा शब्द कानडी. अक्काही तशाच. दोघं बोलायला लागले की मला अर्धं कळायचं आणि उरलेल्या अर्ध्याचा मला संशय यायचा.

एकदा हे घाईत डबा खालच्या बाकावर विसरून गेले. मी केलेला डबा, तीन पुडांचा, स्टीलचा. अक्कांनी तो उचलून टेबलावर ठेवला, त्याला टेकवून कढीपत्त्याची एक डहाळी उभी केली आणि पुढं एक पिवळं लिंबू. हे संध्याकाळी आले आणि खालीच खिळले. वर येऊन म्हणाले, "आपला डबा इतका सुंदर आहे हे मला आजच कळलं." डबा मी घासत होते, मी भरत होते. आतली वांग्याची भाजी दिवसभरात आंबून गेली होती, त्याचं कुणालाच काही नव्हतं. मी त्या रात्री जेवले नाही. हे विचारत राहिले, काय झालं, काय झालं. डब्यावरून जळते असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग मीही टेबल मांडलं. जिन्याच्या टोकाशी, भिंतीला लागून. त्यावर मी भरतकाम केलेलं टेबलक्लॉथ, काचेचे दोन मासे, प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी, ह्यांना कॅरममध्ये मिळालेला कप, आमच्या लग्नाचा फोटो आणि डोकं हलवणारी एक लाकडी बाहुली. दोन दिवस खपले. तिसऱ्या दिवशी अक्कांना मुद्दाम वर बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मग थांबून, "पण सगळे एकदम बोलतायत गे. कुणाचं ऐकू?"

त्यांनी एक प्लास्टिकचा गुलाब चिमटीत धरून फिरवून बघितला आणि हळूच परत ठेवला. "अय्यो, हा मरतच नाही. मग जगणार कधी?"

त्या खाली गेल्यावर मी टेबलक्लॉथचे चारी कोपरे धरून सगळं गाठोडं बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं. एका माशाचं शेपूट तुटलं.

दसऱ्याला म्हैसुरात काय असतं ते सांगायला नको. घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, दिव्यांच्या माळा लावतात. मला वाटलं, आता या बाईच्या अंगात येणार. तर नऊ दिवस अक्कांनी टेबल रिकामं ठेवलं. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून, रिकामं. "सगळं गाव सजलंय," त्या म्हणाल्या, "डोळ्यांना कुठंतरी टेकायला नको?" आणि खोटं वाटेल, पण बाहुल्या बघायला निघालेल्या बायका आमच्या गल्लीत येऊन ते रिकामं टेबल बघून जायच्या. काही नसलेलं बघायला! मी वर पाच पायऱ्यांवर बाहुल्या मांडून, हळदीकुंकवाची तबकं घेऊन बसले होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर माझी आई तीन आठवड्यांसाठी आली. भावापाठची एकच मुलगी इतक्या लांब दिली म्हणून ती लग्नापासून घुम्यासारखी होती. मी बसस्टँडवर जाऊन तिला घेऊन आले. पडसाळीत शिरलो आणि तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. टेबलावर त्या दिवशी उंच उसाचं कांडं, एक भोपळा आणि पाण्यात सोडलेली शेवंतीची तीन फुलं होती.

"दमलात," अक्का तिला म्हणाल्या. "स्वल्प बसा. वर जायची काय घाई?"

आणि आई बसली. पाऊण तास बसली. मी वर चहा उकळून, गाळून, थंड करून, परत गरम केला.

त्यानंतर रोज सकाळी आई खाली. "आज कोण आहात?" ती अक्कांना विचारायची. दोघी मिळून बाहेर जायच्या, बेल वाजवायच्या आणि शाळकरी मुलींसारख्या हसत आत यायच्या. "तुझा नवरा मला अक्का म्हणतो," अक्का मला म्हणाल्या, "म्हणजे तुझी आई माझी विहीण. आमच्यात बोलू नकोस." आईला मी कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. वरून शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. मी भांडी मुद्दाम आपटायचे. ती वर आली की विचारायचे, "काय एवढं बोलत असता?" ती म्हणायची, "काही नाही गं, असंच." आणि मी केलेल्या भाकरीचा तुकडा मोडून अगदी सावकाश, प्रत्येक घासाची चव घेत खायची.

आईनं ट्रंकेतून एक गुलाबदाणी आणली होती. जर्मन सिल्व्हरची, पोटाला पोचा आलेली. मोल काहीच नाही, पण लहानपणी सांगलीच्या घरी हळदीकुंकवाला तीच गुलाबदाणी हातात घेऊन मी बायकांवर गुलाबपाणी शिंपडायचे, आणि आई म्हणायची, "हळू, पुढं तुझीच आहे ती." ट्रंकेत ती दिसली तेव्हा म्हटलं, जाताना देईल.

आई गेली. तिला गाडीत बसवून, हात हलवून, डोळे पुसून मी घरी आले. दार उघडलं. अक्कांच्या टेबलावर गुलाबदाणी होती.

"ही इथं कशी?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं दिली," अक्का म्हणाल्या.

मी तरातरा जिना चढून गेले. माझा नवरा तुमचं कौतुक करतो, माझे पाहुणे तुमच्यापाशी थांबतात, आणि आता माझी आईही? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "इरली ग, राहू दे. खाली काय, वर काय, एकच घर." मला वाटलं, हे सगळे मिळून मला हळूहळू पुसून टाकतायत.

आठ दिवस मी गुलाबदाणीकडे न बघता ये-जा केली. नवव्या दिवशी दुपारी अक्का देवळात गेल्या होत्या. मी खाली उतरले, गुलाबदाणी पदराखाली घेतली आणि वर येऊन तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. चोरी मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते, आणि तीही आईच्या वस्तूची.

अक्कांनी विचारलं नाही. मला वाटलं आरडाओरडा करतील, ह्यांना बोलावतील. तसलं काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी बेल वाजवून त्या आत आल्या, टेबलासमोर उभ्या राहिल्या, आणि उभं आणि जिवंत तेवढं बदललं. मधली जागा तशीच ठेवली, एका वाटीएवढी रिकामी. रोज नवीन फूल, नवीन फांदी, आणि मध्ये ती जागा. लोक विचारायचे, "अक्का, इथं काय होतं?"

"बाहेर गेलीय," त्या सांगायच्या. "येईल."

मी जिन्यावर उभी राहून ऐकायचे. दिवसातून चार वेळा त्या रिकाम्या जागेसमोरून जायचे. तांदूळ काढताना डब्यात हात घातला की बोटांना धातूचा गार स्पर्श व्हायचा.

चार महिन्यांनी सांगलीहून तार आली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. तेराव्यानंतर वहिनी माझ्याशेजारी बसून म्हणाली, "मिरजेच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. फार दिवस नाहीत म्हणून. तेव्हाच त्या म्हणाल्या, मला म्हैसूरला जाऊन येऊ दे."

"मला कुणीच कसं कळवलं नाही?"

"त्यांनी बजावलं होतं. पण तुला खरंच माहीत नव्हतं? तुमच्या त्या घरमालकीणबाईंना तर सगळं माहीत होतं. दर आठवड्याला पत्र यायचं त्यांचं."

म्हैसूरला पोचल्यावर तडक वर गेले, तांदळाच्या डब्यातून गुलाबदाणी काढली आणि तशीच, तांदूळ चिकटलेली, खाली नेऊन अक्कांच्या टेबलावर आदळली.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं," अक्का म्हणाल्या.

"आणि रोज माझ्याकडे बघून हसत होता!"

"शपथ घातली होती तिनं."

"माझी आई होती ती! तुमची कोण लागत होती? माझी होती!"

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं असतं तर ते तीन आठवडे तू रडत बसली असतीस. तिला तुझ्या हातच्या भाकरी खायच्या होत्या गे, सुम्ने, काही न बोलता. रडायला तिला दुसरी जागा हवी होती. ती इथं बाकावर बसून रडायची. मग तोंड धुऊन वर यायची."

मी बाकावर बसले.

"आणि हिचं ऐक," गुलाबदाणीवरचे तांदूळ पदरानं पुसत त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, बाई, मला तुमचा फार हेवा वाटतो. मी म्हटलं, माझा कसला हेवा? ना मूल, ना बाळ. तर म्हणते, माझी लेक दिवसातून चार वेळा तुमच्यासमोरून जाते. मला वर्षातून एकदा दिसते, आणि आता तेही नाही. ही वर दिली तर ती कपाटात जपून ठेवील. इथं ठेवा. येता-जाता दिसेल तिला. माझं काहीतरी तिच्या वाटेत असू दे."

आई माझ्यासाठी जळत होती, अक्कांवर. मी आईसाठी जळत होते, अक्कांवर. मध्ये ही बाई, हातात गुलाबदाणी घेऊन.

"मी चोरली ती," मी म्हणाले.

"आपलीच वस्तू कुणी चोरतं का? मी तिला पत्रात लिहिलं, लेकीनं गुलाबदाणी वर नेली."

"चोरली असं नाही लिहिलंत?"

"नेली असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, 'मला वाटलंच होतं.' हसली असणार ती."

"मग ती जागा रिकामी का ठेवलीत? रोज मला जाळायला?"

"राग आला होता मला," अक्का म्हणाल्या. "मी काय देव आहे? तिनं मला सांभाळायला दिलेली वस्तू होती ती. आणि मला वाटायचं, तू येऊन भांडशील. तू भांडलीच नाहीस. नुसती पाय वाजवत जायचीस."

मग आम्ही दोघी रडलो. आधी मी, मग त्या. कॉफी त्यांनी केली, फार कडू.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी बाकावर जाऊन बसायला लागले. एकच मागणं असायचं, "आई काय बोलली ते सांगा." तीन आठवड्यांचं आईचं बोलणं या बाईकडे होतं, आणि माझ्याकडे नुसता खालून आलेला आवाज. अक्का टेबल मांडता मांडता रोज एक गोष्ट सांगायच्या, एकाहून जास्त नाही. आई लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडली होती आणि म्हणून पावसाळ्यात तिचा खांदा दुखायचा. जावई प्रत्येक गोष्टीला 'स्वल्प' म्हणतो म्हणून आधी तिला वाटलं होतं की हा माणूस कंजूष आहे. मी पोटात असताना ती रोज चोरून भाजलेले दाणे खायची. मी सासरी गेल्यावर महिनाभर तिनं दारात रांगोळीच काढली नाही. हे सगळं मला कधीच ठाऊक नव्हतं. ऐकताना बरं वाटायचं, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आतून एक कळ यायची, की हे आई मला म्हणाली नाही, हिला म्हणाली.

पावसाळा संपता संपता एका सकाळी अक्का म्हणाल्या, "झालं. आता एकच राहिलंय. पण ते मी देणार नाही."

"का?"

"ते माझ्याबद्दल आहे. माझं आहे."

मी खूप विचारलं. रागावले, रुसले, चार दिवस खाली गेले नाही. उपयोग झाला नाही.

पुढं आम्ही म्हैसुरातच, विजयनगर भागात घर बांधलं. गुलाबदाणी अक्कांनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुमच्याकडेच राहू दे. त्या म्हणाल्या, "बेड गे, नको. आता तू माझ्यासमोरून जाणार नाहीस. मग कुणासाठी ठेवू?"

पाय थकले तेव्हा भाऊ त्यांना हुणसूरला घेऊन गेला. मी दर दुसऱ्या रविवारी बसनं जायचे. त्यांच्या खाटेपाशी एक स्टूल होतं. त्यावर औषधाची बाटली, पाण्याचा पेला, आणि भावाच्या सुनेनं सकाळी तोडून ठेवलेलं एखादं जास्वंदीचं फूल. मी पोचले की अक्का म्हणायच्या, "आलीस? मला वाटलं, आज पोस्टमन."

निघताना मी नेमानं विचारायचे, "ते राहिलेलं सांगा ना."

"सांगितलं तर तू परत कशाला येशील?"

"येईन हो. शप्पत येईन."

"बेड. मला नाही खात्री."

त्या हसायच्या आणि मी बसमध्ये बसून हुणसूरपासून म्हैसूरपर्यंत जळत यायचे, अगदी त्या घरात सव्विसाव्या वर्षी जळायचे तशी. माझ्या आईचं एक वाक्य, बहुतेक शेवटचं, त्या बाईच्या उशाखाली होतं, आणि ते तिला माझ्याहून जास्त हवं होतं.

दोन वर्षं मी गेले. शेवटच्या रविवारी त्यांचा आवाज फार खोल गेला होता. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे उघडले, माझा हात घट्ट धरला आणि मान हलवून नाही म्हणाल्या.